निबंध कोण तपासणार? एका ऑनलाइन थिऑलॉजी कोर्सचं प्रकरण

मी बँकेत कर्ज विभागात आहे. दुसऱ्यांच्या प्रकल्पांच्या फायली चाळायच्या, हिशेब कुठे फुगवलाय ते हुडकायचं आणि शेवटी शेरा मारायचा, हे माझं रोजचं काम. गेल्या सप्टेंबरात अहिल्यानगरहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, माझीपण एक फाइल बघ. कर्ज नको, नुसता शेरा हवाय." तिला अमेरिकेतल्या एका संस्थेचा ऑनलाइन थिऑलॉजी डिप्लोमा करायचा होता. घ्यावा की नको, एवढाच प्रश्न. तिच्या परवानगीने ते सगळं इथे मांडतोय. संस्थेचं नाव देत नाही, कारण तशा बऱ्याच आहेत आणि मला एकीवर राग काढायचा नाही.

आमचं घर ख्रिस्ती. बहीण ४३ वर्षांची, शाळेत मराठी शिकवते. रविवारी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग घेते, बायकांच्या सभेत शास्त्र, म्हणजे बायबल, उलगडून सांगते आणि पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, दुसऱ्या गावच्या मंडळीला (चर्चला) गेले की उपदेशही करते. आमचे आजोबा सायकलवरून खेडोपाडी फिरणारे प्रचारक होते, तेव्हा घरात पुस्तकांना तोटा नव्हता. पण थिऑलॉजी, म्हणजे आमच्याकडे ज्याला ईश्वरविज्ञान म्हणतात ते, कुणी रीतसर शिकलं नव्हतं.

कोर्सची इच्छा कुठून उपटली, हे मी सगळ्यात आधी विचारलं. कर्ज मागणाऱ्यालाही मी तेच विचारतो. तिने सांगितलेली गोष्ट अशी. बायकांच्या सभेत बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय चालला होता. ते लिहिणारा प्रेषित पौल तिथे देहस्वभावाबद्दल फार कडक बोलतो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एक सत्तरीच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, "बाई, इथं देह वाईट म्हणतात. अन् नाताळात आपण वाचतो, शब्द देही झाला. मग देव वाईटात आला का?" नाताळातलं ते वाक्य योहानाच्या शुभवर्तमानातलं, देव येशूच्या रूपाने माणूस झाला असं सांगणारं. सभा हसली. बहीण हसली नाही. तिला उत्तर येत नव्हतं. वेळ निभावून नेली, प्रार्थना करून सभा आटोपली आणि घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर शोधत बसली. त्या शोधातच ही जाहिरात तिच्यासमोर आली. मराठीच्या शिक्षिकेला शब्दाने अडवलं, हे तिला जास्त लागलं होतं.

आता हिशेब. डिप्लोम्याचे १२ विषय, विषयी २४५ डॉलर, म्हणजे २,९४० डॉलर. प्रवेश अर्जाचे ५०, पुस्तकांचे विषयामागे ३० धरून ३६०, पदवीदानाचे १५०. एकूण ३,५०० डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला की ३ लाख ८ हजार. वर कार्डावरचा परकीय चलनाचा आकार तिच्या बँकेत साडेतीन टक्के, त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. बेरीज ३ लाख २० हजारांच्या पुढे गेली. पण प्रवेश सल्लागाराने तिला कळवलं होतं की भारतीय विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्कात ४० टक्के शिष्यवृत्ती आहे, मात्र येत्या शुक्रवारपर्यंतच. त्या हिशेबाने आकडा २ लाख १३ हजारांवर आला. जाहिरातीत ठळक छापलेली रक्कम होती "महिन्याला फक्त ४९ डॉलर". ही शिकवणीची रक्कम ३६ हप्त्यांत तोडून दाखवलेली होती. ट्रॅक्टरच्या जाहिरातीतही असंच लिहितात.

शुक्रवारची मुदत बघून मी तिला म्हटलं, शनिवारपर्यंत काही करू नकोस. हा माझा एकुलता एक नियम आहे आणि तो आजवर फसलेला नाही. पण तिने तोवर ५० डॉलर भरून टाकले होते. कार्डाचा आकार धरून ४,५८२ रुपये. अर्ज मागे घेतला तरी ते परत मिळणार नाहीत, असं पावतीच्या खाली बारीक अक्षरांत होतं.

दुसरा खर्च घड्याळाचा. थेट वर्ग आठवड्यातून एक, त्यांच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने संध्याकाळी सात. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासाने मागे गेली की साडेपाच. तिची शाळा सातची, घरात दोन मुलांचे डबे. शिवाय विषयाला आठवड्याचे दहा-बारा तास लागतील असं तेच लिहीत होते. ती म्हणाली, रेकॉर्डिंग बघेन. मी म्हटलं, मग थेट वर्गाचे पैसे का द्यायचे? यावर ती गप्प झाली. मला मात्र हा मुद्दा जिंकल्यासारखं वाटलं नाही, कारण चार वाजता उठून अभ्यास केलेली माणसं आमच्या घरात आहेत.

मग मी मान्यतेकडे वळलो. माहितीपत्रकात "आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त" असं होतं. मान्यता देणाऱ्या मंडळाचं नाव शोधायला लागलं तरी सापडलं. अमेरिकेत शिक्षणसंस्थांना मान्यता सरकार थेट देत नाही. ते काम खासगी मंडळं करतात, आणि त्या मंडळांना शिक्षण खातं किंवा चिया ही परिषद मान्यता देते. दोघांच्याही याद्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. धर्मशिक्षणापुरतं सगळ्यात वजनदार मंडळ एटीएस, म्हणजे असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स. या संस्थेला मान्यता देणारं मंडळ दोन्ही याद्यांत नव्हतं. दुसरं वाक्य होतं, "राज्य सरकारकडे नोंदणीकृत". फ्लोरिडासारख्या काही राज्यांत धार्मिक पदव्या देणाऱ्या संस्थांना परवान्यातून सूट असते. ती सूट मिळाल्याची नोंद म्हणजे शिक्षण चांगलं असल्याचा दाखला नव्हे. दुकानाला शॉप अ‍ॅक्ट असतो, म्हणून माल चोख ठरत नाही.

एवढ्यावर मी फायलीवर "नामंजूर" लिहिलं आणि तिला कळवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. "मला या कागदावर नोकरी मागायची नाही. मग मान्यता कशाला बघतोस?"

बरोबर होतं तिचं. मी तिच्या फायलीला दुसऱ्याच फायलीचे निकष लावले होते. ज्याला परदेशात पुढे शिकायचंय किंवा पाळकाच्या नेमणुकीसाठी कागद दाखवायचाय, त्याचा प्रश्न मान्यतेपाशी सुटतो. दाराशी उभा असलेला माणूस तो कागद घेणार की नाही, हे त्या माणसालाच विचारायचं. आमची मंडळी उत्तर भारतीय मंडळीतली, म्हणजे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), जी १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. तिथे दीक्षेच्या, म्हणजे पाळक म्हणून नेमणुकीच्या वाटेवर सेरामपूरची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवी विचारतात. सेरामपूर म्हटलं की आमच्या जिल्ह्यात लोकांना साखर कारखान्याचं श्रीरामपूर आठवतं. नावं मुळात एकच, पण हे बंगालमधलं, हुगळीकाठचं. केरी, मार्शमन आणि वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. पुढे १९१८ च्या कायद्याने सेनेट, म्हणजे पदव्यांचा कारभार बघणारं मंडळ, आली, आणि आज देशभरातली ईश्वरविज्ञानाची कितीतरी महाविद्यालयं त्या सेनेटला जोडलेली आहेत. पुण्यातली युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही त्यातलीच. गंमत म्हणजे मराठी नवा करार १८११ मध्ये सेरामपूरलाच छापणारा केरी मूळचा चांभारकाम करणारा, स्वतः कुठल्याही कॉलेजात न शिकलेला. ब्राउन विद्यापीठाने १८०७ मध्ये मानद डॉक्टरेट दिली तेवढीच.

हे सगळं मी फोनवर सांगत होतो तेव्हा मध्येच विचारलं, "तुला दीक्षा हवीय का?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळू आवाजात, "आत्ता नको विचारूस, आई इथंच बसलीय." दुसऱ्या दिवशी मेसेज आला: दक्षिणेत २०१३ मध्ये नंद्यालला एक बाई बिशप झाल्या, हे तुला माहीत आहे का? माहीत नव्हतं. ई. पुष्पललिता, सीएसआयच्या, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियाच्या, पहिल्या महिला बिशप. म्हणजे इच्छा होती, पण ती फायलीत लिहिलेली नव्हती. कर्जदारही खरा उद्देश तिसऱ्या भेटीत सांगतात.

उद्देश दोन निघाले, तर तपासही दोनदा करायला हवा. दीक्षेसाठी हा डिप्लोमा निरुपयोगी, तो प्रश्न दहा मिनिटांत मिटला. आजींच्या प्रश्नासाठी तो उपयोगी आहे का, याला मात्र तीन आठवडे लागले.

साहित्य फुकट मिळतं, हे तिला ठाऊकच होतं. येल विद्यापीठाचे दोन पूर्ण अभ्यासक्रम वर्गात चित्रित करून ठेवलेले आहेत: क्रिस्टीन हेझ यांचा इब्री (हिब्रू) बायबलवर २४ व्याख्यानांचा आणि डेल मार्टिन यांचा नव्या करारावर २६ व्याख्यानांचा. एक पैसा पडत नाही. तिने भांडी घासताना त्यातली नऊ ऐकली. चौथ्या की पाचव्या व्याख्यानानंतर तिची झोप उडाली, कारण ही माणसं ग्रंथाकडे इतिहासकाराच्या नजरेने बघतात आणि उपासनेतल्या माणसाला त्याचा धक्का बसतो. धक्का बसायला माझी हरकत नाही, पण तो बसल्यावर बोलायला कुणीतरी लागतं. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल आहे, त्यात शब्दावर टिचकी मारली की मूळ ग्रीक शब्द दिसतो. तेही फुकट. आजींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिला तिथेच मिळालं. योहानाच्या पहिल्या अध्यायातला "देही" आणि रोमकरांस पत्राच्या आठव्यातला "देहस्वभाव", दोन्हीमागे ग्रीकमध्ये एकच शब्द आहे: सार्क्स. म्हणजे आजींनी ग्रीक न येता बरोबर दुखरी जागा पकडली होती.

मग २ लाख १३ हजार नेमके कशाचे? व्याख्यानांचे नक्कीच नव्हेत. उरतात त्या दोन गोष्टी: अभ्यासाला बसवणारा धाक, आणि तुम्ही लिहिलेलं वाचून "इथे चुकलीस" म्हणणारं माणूस. धाक तर शब्बाथ शाळेतली पोरंही लावतात. म्हणून मी बहिणीला सांगितलं, संस्थेला दोनच गोष्टी माग. निबंध कोण तपासतं त्याचं नाव, आणि तपासलेल्या एका निबंधाचा नमुना, विद्यार्थ्याचं नाव खोडून.

नावाच्या जागी "आमची मूल्यमापन टीम" असं उत्तर आलं. नमुना मात्र पाठवला, त्याबद्दल त्यांचं कौतुक. आठ पानी निबंध, विषय गलतीकरांस पत्र. पहिल्या पानावर ९२ गुण आणि शेवटी एक ओळ, "सुंदर विचार, असेच लिहीत राहा!" मधली सात पानं कोरी. मी ईश्वरविज्ञानातला नाही, तरी तिसऱ्या पानावर एकच परिच्छेद दोनदा आलेला मला दिसला. ज्याने ९२ दिले त्याला तो दिसला नव्हता.

तेच आठवडे तिने दुसरी एक चाचणी आपल्या मनाने केली, मला न सांगता. आजींच्या प्रश्नावर मराठीत चार पानं लिहिली आणि आमच्या एका निवृत्त पाळकांना नेऊन दिली. वय ७९, सेरामपूरची बी.डी., डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. कागद परत आले ते लाल शाईने भरून. त्यांचा फोटो तिने मला पाठवला, माझ्याकडे अजून आहे. पहिल्या पानावर समासात: "सार्क्स एकच म्हणतेस, मग भाषांतरकारांनी दोन मराठी शब्द का घेतले? त्यांना आळस नव्हता." खाली: "पौलाला शरीराबद्दल बोलायचं असतं तेव्हा तो कोणता शब्द वापरतो? रोम १२:१ बघ. सोमा." म्हणजे ज्या पत्रात देहस्वभावाशी झगडा आहे त्याच पत्रात चार अध्याय पुढे पौल शरीर यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो, आणि वाईट वस्तू कुणी यज्ञात घालत नाही. तिसऱ्या पानावर तिचं एक वाक्य आडवं कापलेलं, शेजारी: "हे सुंदर आहे पण तुझं नाही. कुठून उचललंस?" चौथ्यावर: "आजींना हे सांगशील तेव्हा ग्रीक शब्द एकदाही उच्चारू नकोस. मग कसं सांगशील? ते लिही." गुण दिले नव्हते.

तो फोटो आल्यावर माझा हिशेब संपला. अमेरिकन संस्थेच्या मराठी नसलेल्या शिक्षकाला "देही" आणि "देहस्वभाव" यांतला फरक टोचणारच नाही, कारण त्याच्या भाषांतरात तो पेच निराळ्या जागी आहे. ही त्याची चूक नव्हे. पण आमच्या बाकावरच्या आजी मराठी शास्त्र वाचतात.

बहिणीचा युक्तिवाद अजून एक होता, तो लिहायला हवा. पंडिता रमाबाईंकडे कुठला डिप्लोमा होता? दौंडजवळच्या केडगावात बसून, चाळिशी उलटल्यावर, ग्रीक आणि इब्री मुळांशी झटत त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते पुरं छापून निघालं. मी म्हटलं, रमाबाई लहानपणी भागवताचे हजारो श्लोक पाठ असलेल्या बाई, तुझी-माझी बरोबरी नको. ती म्हणाली, बरोबरी नाही करत, वय सांगतेय.

देशातले पर्याय आम्ही पाहिले. दूरस्थ ईश्वरविज्ञान इंटरनेटने आणलेलं नाही. ग्वाटेमालातल्या एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ मध्ये ते सुरू केलं, कारण खेड्यातले पाळक शेती सोडून शहरात येऊ शकत नव्हते. घरी अभ्यास, आठवड्यातून एकदा गट, आणि शिक्षकाने गटापर्यंत जायचं. बंगळुरूची टॅफ्टी ही संस्था त्याच वाटेची. सेनेटचं सेप्टर हे केंद्र कोलकात्याहून बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) ही बहिःस्थ पदवी चालवतं. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ मध्ये यवतमाळहून आलेली. राहून शिकायचं तर नोकरी सोडायला हवी, आणि तिच्या घरात ते आज शक्य नाही. या सगळ्यांची माहितीपत्रकं मागवली. बी.सी.एस.चा अर्ज तिच्या टेबलावर पडून आहे. भरायचा की थेट बी.डी.ची वाट बघायची, हे पाळकसाहेबांशी बोलून ठरेल. तो विषय अजून आईपर्यंत गेलेला नाही.

डिप्लोमा तिने घेतला नाही. त्याऐवजी पुण्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे ग्रीक सुरू केलं. शनिवारी संध्याकाळी दीड तास, व्हिडिओ कॉलवर चौघीजणी, महिना १,५०० रुपये. दोन वर्षं चाललं तर ३६ हजार. निवृत्त पाळकांकडे महिन्याला एक निबंध, फी म्हणून ते फक्त कागद एका बाजूने कोरे ठेव म्हणतात.

हा शेरा सगळ्यांना लागू करू नये. तिच्या जागी कुणी मस्कतला किंवा कॅनडात असता, आसपास मराठी मंडळी नाही, लाल शाईवाले कुणी नाहीत, इंग्रजी शास्त्रच वाचतो, तर मी म्हटलं असतं, अख्खा डिप्लोमा नको, २४५ डॉलरचा एक विषय घे, पहिला निबंध परत कसा येतो ते बघ आणि मग ठरव. ती संस्था लबाड होती असंही मला म्हणायचं नाही. व्याख्यानं मी दोन ऐकली, बोलणारा माणूस तयारीचा होता.

सवलतीचे मेल अजून येतात. तो शुक्रवार चारदा पुढे गेला. गेल्या आठवड्यातला ६० टक्क्यांचा होता, तिने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आता?" मी सवयीने वही काढली. विषयाला ९८ डॉलर, बाकीचे आकार तेच, कार्डाचा आकार धरून १ लाख ५९ हजार. आकडा सांगायला फोन केला तर म्हणाली, "दादा, नंतर. लुओ, लुएइस, लुएइ पाठ करतेय, उद्या तोंडी घेणार आहेत."